जुन्या मालवाहू गाड्यांतून शेतमालाची वाहतूक : भाराची मर्यादा व जबाबदारी

शेतात पिकविलेला माल बाजारात सुखरूप पोहोचेपर्यंत शेतकऱ्याचे काम संपत नाही. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव, पिंपळगाव बसवंत यांसारख्या बाजारपेठांत हंगामाच्या दिवसांत कांद्याने भरलेल्या लहान गाड्यांची रांग लागते. त्यांपैकी अनेक गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या असतात. एका खेपेत अधिक माल नेला म्हणजे भाडे वाचते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु हे वाचलेले भाडे पुष्कळदा गाडीच्या, मालाच्या आणि प्रसंगी माणसांच्या जिवावर बेतते. म्हणून गाडीत किती माल भरावा व मर्यादा ओलांडल्यास जबाबदारी कोणावर येते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मर्यादा कोठे पाहावी?

गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात दोन वजने दिलेली असतात : एक रिकाम्या गाडीचे व दुसरे मालासह एकूण वजनाचे. दुसरा आकडा ही कायदेशीर कमाल मर्यादा होय. त्यात गाडी, चालक, सोबतची माणसे व माल या सर्वांचे वजन मोडते. केंद्र शासनाने २०१८ साली जड वाहनांच्या आसांवरील भारमर्यादा वाढविली, हे ऐकून काहीजण आपल्या जुन्या गाडीतही अधिक माल भरतात. ही चूक आहे. ज्या त्या गाडीस तिच्या प्रमाणपत्रातील आकडाच बंधनकारक असतो.

जुन्या गाडीची आणखी एक अडचण असते. मूळ हौद्यास पुढे लोखंडी पत्रे, उंच फाळके, शिडी, टपावरील कॅरिअर अशी भर पडत जाते. त्यामुळे रिकाम्या गाडीचे वजन कागदावरील आकड्यापेक्षा वाढते व तितकाच माल कमी भरावा लागतो. म्हणून जुनी गाडी वर्षातून एकदा तरी रिकामी असताना वजनकाट्यावर तोलून घ्यावी.

हिशेबाचे एक उदाहरण

समजा, एका गाडीचे नोंदलेले एकूण वजन २,७०० किलो व रिकामे वजन १,५०० किलो आहे. कागदावरून पाहता १,२०० किलो भार चालेल असे वाटते. पण काट्यावर रिकामी गाडी १,६२० किलो भरली. चालक व मालाचा मालक यांचे वजन १३० किलो धरले, तर मालासाठी अवघे ९५० किलो उरतात.

आता हौदा २.४ मीटर लांब व १.६ मीटर रुंद आहे असे धरू. सुट्या कांद्याचे वजन घनमीटरला सुमारे ५५० किलो धरल्यास केवळ ४५ सेंटिमीटर उंचीपर्यंत कांदा भरताच मर्यादा पुरी होते. तोच कांदा एक मीटर उंच भरला, तर त्याचे वजन २,१०० किलोंहून अधिक होते. हौद्यात जागा शिल्लक आहे म्हणून माल भरावा, हा विचार किती फसवा आहे, हे यावरून दिसून येईल.

भार कोठे ठेवावा?

एकूण वजन मर्यादेत असूनही भार चुकीच्या जागी ठेवल्यास धोका संभवतो. पुढील व मागील आसांमधील अंतर अडीच मीटर असेल आणि मागील आसाच्या मागे एक मीटरवर १०० किलो ओझे ठेवले, तर मागील आसावर १४० किलो भार पडतो व पुढील चाकांवरील भार ४० किलोंनी घटतो. पुढील चाके हलकी झाली की गाडी वळणावर ताब्यात राहत नाही. म्हणून जड माल तळाशी व मागील आसाच्या पुढे ठेवावा, आणि ताडपत्री व दोर यांनी पक्का बांधावा.

जुन्या गाडीचे पाटे बसलेले असतात, सांगाड्यास गंज चढलेला असतो व ब्रेकची पकड मंदावलेली असते. कसारा घाटासारख्या उतारावर जादा भाराने ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. अशा उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच उतरवावी. टायरच्या कडेवरील अखेरचे चार आकडे त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष दर्शवितात. ‘३२१९’ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी फार जुन्या टायरवर विसंबू नये.

जबाबदारी कोणाची?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये जादा भाराची गाडी चालविणारा तर दोषी ठरतोच, पण ती चालवावयास लावणारा किंवा चालू देणाराही दोषी ठरतो. चालक मालक नसेल, तर मालकाच्या माहितीने वा हुकमानेच हे घडले, असे न्यायालय गृहीत धरू शकते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार यासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड असून जादा माल उतरविण्याचा खर्चही भरावा लागतो. माल हौद्याच्या बाहेर डोकावत असल्यास अथवा ठरलेल्या उंचीवर गेल्यासही २०,००० रुपये दंड आहे. वजन करून देण्यास नकार दिल्यास दंड ४०,००० रुपये होतो.

सर्वांत गंभीर प्रश्न मालावर बसून जाणाऱ्या माणसांचा आहे. मालाचा मालक अथवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांस सक्तीच्या विम्याचे संरक्षण मिळते. परंतु मालवाहू गाडीतून फुकट प्रवासी म्हणून जाणाऱ्यांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. अपघात झाल्यास हा बोजा गाडीमालकावर पडतो, आणि तो देण्यास असमर्थ ठरला तर जखमींचे कुटुंब उघडे पडते. बाजारास निघालेल्या शेजाऱ्यास गोण्यांवर बसवून नेणे हा उपकार नसून त्याचा जीव धोक्यात घालणे होय.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. माल भरण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र पाहावे व रिकाम्या गाडीचे वजन करून घ्यावे.
२. हौद्याच्या आतील बाजूस आपल्या मुख्य पिकासाठी मर्यादेची रेघ रंगाने आखून ठेवावी.
३. योग्यता प्रमाणपत्र व विमा चालू असल्याची खात्री करावी. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीची तपासणी दरवर्षी करून घ्यावी लागते.
४. मालावर कोणासही बसू देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामाच्या आरंभी गाडीमालक व शेतकरी यांस एकत्र बोलावून एखाद्या गाडीचे वजन त्यांच्यासमक्ष करून दाखवावे. काट्यावरील आकडा डोळ्यांनी पाहिला म्हणजे पुष्कळ सांगण्याचे काम उरत नाही. दोन खेपांचे भाडे थोडे अधिक पडेल, परंतु माल व माणसे दोन्ही सुखरूप घरी परततील.