काठीची सावली

थंडीत दिवस लहान असतो. वस्तीवरच्या मुलांना घरी पोचेपर्यंत अंधार पडतो. मग दिवस मोठा कधीपासून होतो? आजी म्हणते, संक्रांतीपासून, तिळातिळाने. गुरुजी म्हणाले, मोजून बघू.

आम्ही चौथीच्या मुलांनी पटांगणात १ मीटरची काठी सरळ रोवली. दुपारी साडेबाराला सावली मोजली. २२ डिसेंबर २०२५ ला ती ९० सेंटिमीटर भरली. १३ जानेवारीला, भोगीच्या दिवशी, ८४ च भरली! म्हणजे संक्रांतीच्या आधीच ६ सेंटिमीटर कमी झाली.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून सावली लांब पडते. २२ डिसेंबरनंतर तो उत्तरेकडे सरकतो. सावली आखूड होते आणि दिवस वाढू लागतो.

मुलांनो, तुम्हीपण मोजून बघा. फक्त भुई सपाट पाहिजे.

– इयत्ता चौथी