वणव्यापासून घराचे रक्षण

मार्च २०२३ मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्यात वणवे पेटले. त्यास लागूनच खानापूर तालुक्यातील भीमगडचे अरण्य आहे. वणव्यात घर बहुधा ज्वाळांनी नव्हे, तर वाऱ्याने उडालेल्या ठिणग्यांनी पेटते. म्हणून शिमग्यापूर्वीच कौलांवरील पालापाचोळा काढावा. भिंतीलगतची ५ फूट जागा मोकळी ठेवावी; तेथे सरपण वा गोवऱ्या रचू नयेत. गवताची व कडब्याची गंजी घरापासून निदान ३० फूट दूर असावी. निपाणी भागातील ऊसकऱ्यांनी पाचट न जाळता सरीत कुजू द्यावे; त्याने जमिनीचा कसही वाढतो. वणवा दिसताच वनखात्यास व ११२ क्रमांकास कळवावे. ज्वाळा जवळ आल्यास जनावरांची दावी सोडून घराबाहेर पडावे. कौले पुन्हा घालता येतात. गेलेला जीव परत येत नाही.