शपथपत्र की घोषणापत्र? परदेशी पेटंटच्या कागदावर स्वाक्षरी करताना

जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले पेटंट, आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ साली रद्द झाले, हे वाचकांना ज्ञात आहेच. ते आव्हान ग्रंथ व छापील लेख यांच्या आधारे यशस्वी झाले. परदेशातील नुसता वापर, मग तो पिढ्यान्पिढ्यांचा का असेना, त्या वेळच्या अमेरिकी कायद्यास पुरेसा नव्हता. १६ मार्च २०१३ पासूनच्या नव्या अर्जांना मात्र सुधारित कायदा लागू आहे व जगात कोठेही उघडपणे झालेला वापर नावीन्यास बाधक ठरू शकतो. म्हणूनच वैद्याच्या वा औषधनिर्मात्याच्या लेखी निवेदनास आता अधिक मोल आले आहे.

असे निवेदन शपथेवरच हवे, हा समज बरोबर नाही. परदेशात शपथ घ्यावयाची तर अमेरिकी वकिलातीतील अधिकारी किंवा ज्याचा अधिकार रीतसर प्रमाणित आहे असा नोटरी गाठावा लागतो. १९६४ साली अमेरिकी पेटंट कायद्यात समाविष्ट झालेल्या कलम २५ मुळे शपथेऐवजी लेखी घोषणापत्र चालते. अट एवढीच, की जाणूनबुजून असत्य विधान केल्यास दंड, कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात, ही ताकीद त्याच कागदावर असली पाहिजे. ती नसेल तर तो कागद शपथेची जागा घेऊ शकत नाही.

घोषणापत्राच्या ठरीव मजकुरात आणखी एक वाक्य असते: स्वतःच्या ज्ञानातील विधाने सत्य आहेत आणि माहिती व विश्वास यांवर आधारलेली विधाने सत्य असल्याचा विश्वास आहे. चरकाच्या विमानस्थानातील आप्तोपदेश व प्रत्यक्ष हा भेद ज्यांनी अभ्यासला आहे, त्यांना हे नवे वाटू नये. तरीही घोटाळा नेमका येथेच होतो. समजा, १९७० साली जन्मलेल्या मालकाने ‘आमच्या औषधशाळेत हा लेप १९६० पासून होतो’ असे स्वतःच्या ज्ञानातील म्हणून लिहिले, तर उलटतपासणीत पहिलाच प्रश्न त्याच्या जन्मसालाचा येईल. एका विधानापायी साऱ्या निवेदनाची विश्वासार्हता जाईल. ‘१९८८ पासून माझ्या देखत होतो, त्यापूर्वीचे वडिलांकडून ऐकले आहे’, असे लिहिण्यात कमीपणा कसला?

नुसत्या आठवणीवर तेथील न्यायालये फारशी विसंबत नाहीत. काटेरी तारेच्या पेटंटविषयीच्या १८९२ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, पूर्वीच्या वापराबद्दलची तोंडी साक्ष कागदोपत्री आधाराविना स्वीकारण्याबाबत अत्यंत सावध भूमिका घेतली होती. म्हणून खरेदीची बिले, दिनांकासह बॅचची नोंद, जुनी लेबले, मूल्यपत्रके हे सारे जोडावे. पुष्कळ औषधशाळांत हीच कागदपत्रे दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात!

भारतात परिस्थिती निराळी आहे. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यान्वये शोधकर्तृत्वाविषयी नमुना ५ वर साधी घोषणा करावयाची असते; परंतु कलम ७९ नुसार नियंत्रकापुढील पुरावा, अन्य आदेश नसल्यास, शपथपत्रावरच द्यावा लागतो. अमेरिकेसाठी केलेल्या घोषणापत्राची प्रत मुंबईच्या पेटंट कार्यालयातील विरोध-अर्जास जोडून भागणार नाही. तोच मजकूर नोटरीपुढे शपथेवर नव्याने करावा.

वकिलाकडून मसुदा इंग्रजीत येईल. त्यातील प्रत्येक वर्ष स्वतःच्या दप्तराशी ताडून पाहिल्याखेरीज त्यावर स्वाक्षरी करू नये.