मुंबई ते लंडन

समजा, हिवाळ्यात एक विमान मुंबईहून दुपारी दीड वाजता निघाले आणि त्याच दिवशी सायंकाळी सहा वाजता लंडनला उतरले. परतताना ते रात्री नऊ वाजता लंडनहून सुटले आणि दुसऱ्या दिवशी साडेअकरा वाजता मुंबईस पोहोचले. स्थानिक घड्याळांवर विसंबून हिशेब करणाऱ्यास जाताना साडेचार तास आणि येताना साडेचौदा तास लागले असे दिसेल. वाट तीच, विमानही तेच. मग हा दहा तासांचा फरक कोठून आला?

सूर्य मुंबईला आधी उगवतो, लंडनला नंतर. म्हणून हिवाळ्यात लंडनची घड्याळे आपल्या घड्याळांच्या साडेपाच तास मागे असतात. (उन्हाळ्यात तेथील लोक आपली घड्याळे तासभर पुढे करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा होतो.) जाताना हे साडेपाच तास हिशेबातून गळतात, येताना ते जादा धरले जातात. खरा प्रवास जाताना दहा तासांचा व येताना नऊ तासांचा झाला. तरीही एक तास उरलाच! तो घड्याळाच्या माथी मारता येत नाही.

अंतराचा तर हा दोष नव्हे? सर्वांत जवळच्या मार्गाने हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. हा मार्ग भिंतीवरील नकाशावरून मात्र सहसा कळत नाही. मर्केटरच्या पद्धतीने काढलेल्या नकाशावर पट्टी ठेवून दोन्ही शहरे जोडली, तर रेषा बगदादवरून जाते. पृथ्वीच्या गोलावर त्याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो बगदादच्या पुष्कळ उत्तरेस, कॉकेशसच्या प्रदेशातून, तिबिलिसी शहराजवळून जातो. नकाशावर वाकडी दिसणारी ही वाट सुमारे २०० किलोमीटरांनी जवळची पडते. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची म्हटल्यावर असा घोटाळा व्हायचाच. एखाद्या देशाचे आकाश बंद असले, तर विमानाला याहूनही लांबचा वळसा घ्यावा लागतो. पण येथे दोन्ही वेळची वाट एकच होती. तेव्हा अंतर निर्दोष ठरते.

उरलेला तास वाऱ्याचा आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारे वाहतात. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वाऱ्याचा सरासरी ५० धरला, तर लंडनकडे जाताना जमिनीच्या मानाने ८५० चाच वेग हाती लागतो. येताना तो ९५० होतो. ७,२०० ला या दोन्ही संख्यांनी भागून पाहावे. सुमारे ५३ मिनिटांचा फरक निघेल.

प्रवाशाच्या दृष्टीने हा तास केवळ कंटाळ्याचा असतो. वैमानिकाच्या दृष्टीने तो इंधनाचा असतो. वारा समोरून असो वा पाठीमागून, इंजिने इंधन जाळीतच राहतात. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार इंजिनांचे विमान ३५ प्रवाशांसह मुंबईहून लंडनला निघाले, ते वाटेत कैरो व जिनीव्हा येथे उतरत गेले. आज विमाने ही मजल एका दमात मारतात. म्हणून निघण्यापूर्वीच वाऱ्याचा अंदाज पाहून इंधन मोजले जाते. ते कमी पडता कामा नये, आणि फार घ्यावे तर त्याच्या वजनानेच अधिक जळते. लंडनवर धुके दाटले, तर दुसरा विमानतळ गाठण्यापुरते इंधनही टाकीत शिल्लक असावे लागते.