कॅमेऱ्याची तार आणि पाण्याची पाळी



उसाबरोबर डाळिंब, टोमॅटो करणारे आपले काही सभासद मालाच्या प्रतवारीचे जुने यंत्र घेण्याच्या विचारात आहेत. रंग व आकार पाहून माल वेगळा करणारे हे यंत्र कॅमेऱ्यावर चालते. चौकशी होते ती कॅमेऱ्याची आणि किमतीची. तारेबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून या अंकात ऊस बाजूला ठेवून तारेविषयी चार शब्द लिहीत आहोत.

हा कॅमेरा फोटो साठवत बसत नाही, काढलेले प्रत्येक चित्र लगोलग संगणकाकडे धाडतो. हिशेब करून बघा. चित्र ६४० बाय ४८० ठिपक्यांचे, म्हणजे ३,०७,२०० ठिपके. काळ्या-पांढऱ्या चित्रात एका ठिपक्याला ८ बिट धरतात. सेकंदाला ३० चित्रे म्हटली तर सुमारे ७ कोटी ३७ लाख बिट दर सेकंदाला तारेतून गेले पाहिजेत. १९९६ च्या पहिल्या यूएसबीची मजल होती १ कोटी २० लाखांची. पाच इंची पाइपाचं पाणी दोन इंचीत कसं मावणार?

ही अडचण ‘फायरवायर’ने सोडवली. अ‍ॅपल कंपनीने पुढाकार घेतलेली ही पद्धत १९९५ साली आयईईई १३९४ या क्रमांकाने प्रमाणित झाली. वेग सेकंदाला ४० कोटी बिटांपर्यंत. पण आमच्या मते वेगापेक्षा तिची पाळीची व्यवस्था जास्त मोलाची. कालव्याला जशी आवर्तनं, तशी इथे सेकंदाला ८,००० आवर्तनं. प्रत्येक आवर्तनातला ८० टक्क्यांपर्यंतचा वेळ कॅमेऱ्यांसाठी आगाऊ राखून ठेवता येतो, उरलेल्यात इतर निरोप. त्यामुळे एका तारेवर दोन कॅमेरे असले तरी कोणाची चारी कोणी फोडत नाही. मात्र पाळी हुकली की हुकली! वाटेत बिघडलेला चित्राचा तुकडा परत पाठवला जात नाही.

दुसरी मर्यादा लांबीची. साधी तार साडेचार मीटरची, म्हणजे संगणक यंत्राशेजारीच, धुळीत आणि ओलीत.

२००६ साली ‘गिग-ई व्हिजन’ हे प्रमाण आले. सेकंदाला १०० कोटी बिट, नेटवर्कची नेहमीची तांब्याची तार १०० मीटरपर्यंत चालते आणि हरवलेला तुकडा संगणकाला पुन्हा मागवता येतो. पुढे २०१३ मध्ये ‘यूएसबी ३ व्हिजन’ आले. वेग त्याहून जास्त, पण तार पुन्हा आखूडच.

आता मुद्द्याची गोष्ट. जुन्या यंत्रात बहुधा फायरवायरच सापडेल. अ‍ॅपलनेच २०१२ नंतरच्या नव्या मॉडेलांत ते तोंड दिले नाही आणि २०२५ च्या मॅकओएस २६ मधून त्याचा आधारही काढून टाकला. यंत्राबरोबरचा जुना संगणक बसला, की लाखाची वस्तू नुसती पट्टा आणि मोटार उरते. टेबलावरच्या संगणकात वेगळे कार्ड बसवता येते, पण यंत्राचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेलच असं नाही.

तेव्हा इसार देण्यापूर्वी आपलाच दोन क्रेट माल नेऊन यंत्र तासभर चालवून घ्यावे. सॉफ्टवेअरची मूळ प्रत मागावी. कॅमेऱ्याच्या पाठीमागचे तोंड पाहावे: सहा पिनांच्या तोंडातून कॅमेऱ्याला वीजही मिळते, चार पिनांच्यातून मिळत नाही. कॅमेऱ्यावरचा मॉडेल नंबर उतरवून गट ऑफिसात आणून दिलात, तर त्याचे नवे कार्ड व तार मिळते का, याची चौकशी आम्ही करून देऊ.