सात दिवस, सात शहरे

माझे एक स्नेही भिवंडीस राहतात. सुमारे चाळीस वर्षे त्यांनी यंत्रमागाचा व्यवसाय केला. आरंभी ते दुसऱ्याच्या कारखान्यात मागावर उभे राहत. पुढे काटकसर करून त्यांनी स्वतःचे बारा माग घेतले. सारे आयुष्य मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना थोडे कमी ऐकू येते आणि म्हणून ते स्वतःही मोठ्याने बोलतात. परदेशाची गोष्ट दूरच. एका तीर्थयात्रेखेरीज त्यांनी महाराष्ट्राची सीमाही ओलांडलेली नव्हती.

त्यांचा धाकटा मुलगा पुण्यास नोकरी करतो. मे महिन्याच्या सुट्टीत आईवडिलांना युरोप दाखवावा, असे त्याच्या मनात आले. बरोबर सातवीत शिकणारी त्याची पुतणीही जाणार होती. खर्चाला मर्यादा होती. शिवाय मालक फार दिवस दूर राहिला, की मागांचे काम रेंगाळते. तेव्हा नऊ दिवसांहून अधिक काळ मिळण्यासारखा नव्हता.

एके संध्याकाळी मला त्यांचे बोलावणे आले. जाऊन पाहतो, तो सतरंजीवर युरोपचा मोठा नकाशा पसरलेला आणि त्याभोवती सारे घर बसलेले! मुलाच्या हातात एका प्रवासी कंपनीचे रंगीत पत्रक होते. लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, अॅमस्टरडॅम, झ्युरिक, व्हेनिस आणि रोम अशी सात शहरे नऊ दिवसांत दाखवण्याचे आश्वासन त्यात होते.

"गुरुजी, मुलांना तुम्ही भूगोल शिकवलात. आता तुम्हीच सांगा," स्नेही म्हणाले.

मी काही सांगण्यापूर्वी नातीनेच पेन्सिल उचलली. जाण्यायेण्यात दोन दिवस जाणार, राहिले सात. सात शहरे पाहावयाची, तर सहा वेळा मुक्काम हलवावा लागणार. लंडनहून पॅरिसला आगगाडी समुद्राखालच्या बोगद्यातून सव्वादोन-अडीच तासांत पोहोचते हे खरे. परंतु सामान बांधणे, स्थानकावर आधी जाऊन थांबणे, नव्या गावी उतरण्याची जागा शोधणे, हे सारे धरले म्हणजे अर्धा दिवस सहज सरतो. सहा वेळांचे तीन दिवस झाले. उरलेल्या चार दिवसांत सात शहरे!

"म्हणजे रोमला दुपारचे जेवण होईपर्यंतच राहायचे, काका?" तिने विचारले. काकांनी पत्रक घडी करून खिशात ठेवले.

मग प्रत्येकाची इच्छा विचारण्यात आली. आजींना व्हेनिस पाहावयाचे होते. ज्या गावात रस्त्यांच्या ठिकाणी पाणी आहे आणि लोक होडीतून बाजाराला जातात, ते गाव एकदा डोळ्यांनी पाहावे, ही त्यांची फार दिवसांची हौस. मुलाला पॅरिसचा आयफेल मनोरा हवा होता. नातीने लंडन सांगितले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील ज्या दहा क्रमांकाच्या घरात राहत होते, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले, असे तिने वाचले होते. लंडनमध्ये विद्यार्थी म्हणून त्यांनी कसे दिवस काढले, याबद्दल तिला कुतूहल होते.

स्नेही मात्र गप्प होते. फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, "मला मँचेस्टर पाहायचे आहे."

"बाबा, मँचेस्टर पाहायला कोण जाते?" मुलगा म्हणाला. "परत आल्यावर लोक विचारतील, तेव्हा काय सांगायचे?"

मुलांनो, हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो. म्हणून तेथे थोडे थांबले पाहिजे. मँचेस्टर आणि तिच्या भोवतीचा लँकेशायर परगणा ही यंत्रयुगातील कापडाची जन्मभूमी होय. त्याच भागातील बरी या गावच्या जॉन के याने १७३३ मध्ये धावता धोटा शोधून काढला, आणि विणकराच्या हाताचा वेग वाढला. १७८५ मध्ये एडमंड कार्टराइट या धर्मोपदेशकाने यंत्रमागाचे पेटंट घेतले. त्या ओबडधोबड मागाच्या वंशातलेच माग आज भिवंडीत चालतात. कापूस आणि कापड वाहून नेण्यासाठी १८३० मध्ये लिव्हरपूल आणि मँचेस्टर या शहरांच्या दरम्यान रेल्वे सुरू झाली. त्यानंतर अवघ्या तेवीस वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, मुंबईहून निघालेली पहिली आगगाडी आपल्या शेजारच्या ठाण्याला येऊन पोहोचली. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला.

आणखी एक प्रसंग मी त्यांना सांगितला. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी लंडनला गेले होते. कामाचा डोंगर होता. तरीही त्यांनी वेळ काढून लँकेशायरमधील डार्वेन गाठले. आपण विलायती कापडावर बहिष्कार घातला, त्याची झळ तेथील गिरणीकामगारांना लागली होती. त्यांना प्रत्यक्ष भेटणे गांधीजींना महत्त्वाचे वाटले.

माझे म्हणणे सर्वांना पटले असे नाही. पटावे असा माझा हट्टही नव्हता. प्रसिद्ध शहरे उगाच प्रसिद्ध होत नाहीत. रोम पाहावयाचे माझे स्वतःचेच राहून गेले आहे.

इतक्यात फ्रान्समधील ल्यों या शहराचे नाव निघाले. तेथल्या जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्याने नक्षी विणणारा माग तयार केला. "जकार्ड हे माणसाचे नाव आहे?" स्नेही आश्चर्याने उद्गारले. "मला वाटले, यंत्राच्या एका भागाला जकार्ड म्हणतात!" क्षणभर त्यांचे मन ल्योंकडे ओढले गेले. ल्योंला गेल्यास वाटेत पॅरिसही झाले असते. परंतु ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि फ्रान्सचा वेगळा. दोन्ही घ्यावयाचे तर माणशी खर्च वाढला असता. इंग्लंड किंवा फ्रान्स, यांपैकी एकच निवडणे भाग होते.

शेवटी लंडन आणि मँचेस्टर ही दोनच शहरे ठरली. आजींचा चेहरा उतरला, तो माझ्याने पाहवेना. त्यांनी एवढीच अट घातली, की लंडनमधील एक संपूर्ण दिवस त्यांच्या मर्जीचा असावा.

जून महिन्यात मंडळी परत आल्यावर मी भेटावयास गेलो. आजींनी आपला दिवस टेम्स नदीवर घालवला होता. होडीने त्या ग्रिनिचला गेल्या आणि शून्य रेखावृत्ताच्या पट्टीवर एक पाय पूर्वेस, एक पश्चिमेस असे उभ्या राहिल्या. नातीला तेथे एक कोडे पडले. भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असते, असे ती शिकली होती. मग घड्याळात साडेचारच तासांचा फरक का? उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास पुढे करतात, हे तिला तेथेच कळले.

मँचेस्टरबद्दल विचारताच स्नेह्यांनी खुर्ची पुढे ओढली. तेथील विज्ञान व उद्योग संग्रहालय १८३० च्या त्या जुन्या रेल्वेस्थानकाच्या आवारातच आहे. जुने माग तेथे जपून ठेवले आहेत आणि प्रेक्षकांसाठी ते चालवून दाखवतात. माग सुरू झाला, तेव्हा इतर प्रेक्षकांनी कानांवर हात ठेवले. हे मात्र डोळे मिटून ऐकत राहिले. धोटा एका बाजूस किंचित अडखळतो आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. भाषा येत नव्हती. त्यांनी बोटाने दाखवले. माग चालवणाऱ्या माणसाने वाकून पाहिले आणि हसून त्यांच्याशी हस्तांदोलन केले.

थोड्याच वेळात माग बंद झाला. नंतर ते शहरात हिंडले. एके काळच्या गिरण्यांत आणि कापडाच्या वखारींत आता लोक राहतात. खिडक्यांत फुलझाडांच्या कुंड्या दिसतात. माग चालू असलेला त्यांनी पाहिला, तो संग्रहालयातच. तेव्हा नातीने विचारले, "आजोबा, भिवंडीचेही असेच होईल का?"

भिवंडीतील कित्येक माग अलीकडे भंगारात गेले आहेत आणि कारखान्यांशेजारी मोठमोठी गोदामे उभी राहिली आहेत, हे तीही पाहते.

"मग तुम्ही काय उत्तर दिलेत?" मी विचारले.

"तेव्हा काही दिले नाही," ते म्हणाले. "घरी आल्यावर तिला घेऊन कारखान्यात गेलो. माग उघडून एकेक भाग दाखवला. आता ती रविवारी येते. कांडी भरायला शिकली आहे. धोट्याचे चित्र काढून शाळेत नेले होते."

तो नकाशा अजून त्यांच्या भिंतीवर आहे. आजींनी व्हेनिसभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढले आहे. नातीने ल्योंवर खूण केली आहे, आणि तेथून व्हेनिसला आगगाडीने किती तास लागतील, याची बेरीज समासात मांडून ठेवली आहे.