आधी कुटार, मग घरं

लोक ओला कचरा वेगळा करून देत नाहीत, असं सगळीकडे ऐकू येतं. बुलढाणा जिल्ह्यात आम्हाला तरी ही अडचण आली नाही. शेगावला १८७८ साली गजानन महाराज पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, ही कथा इथे लहानपणापासून कानावर असते. नालीत गेलेलं अन्न इथल्या बाईच्या जिवाला लागतं. आमच्या बचत गटाने एका गल्लीत खरकटं मागितलं तर बादल्या भरभरून आल्या, खतही भुसभुशीत, काळंभोर झालं. ते पाहून आषाढात बाकीच्या गल्ल्या जोडल्या गेल्या आणि काम तिथे फसलं.

रोज खताच्या विटांच्या टाक्यात भात, वरण, कोबीचा पाला, आंब्याच्या साली, वरून पाऊस. वरचा थर काट्याने उचलला की खाली चिकट लगदा, सडक्या अंड्याचा वास, आणि विटांच्या भोकांतून रस्त्यावर आलेलं काळपट पाणी. हौसेने बादली आणणाऱ्या बायाच नाकाला पदर लावून जाऊ लागल्या. विश्वास असा एका आठवड्यात जातो आणि परत मिळवायला हंगाम लागतो.

खरकट्यात बहुतेक पाणीच असतं. त्यात कोरडं मिसळलं तरच ढिगात हवा खेळते, नाहीतर ते कुजण्याऐवजी सडतं. आमच्याकडे कोरडं म्हणजे सोयाबीनचं कुटार, आणि ते मिळतं दसरा-दिवाळीला, सोंगणी-मळणी झाल्यावर. उन्हाळ्यात ते गुरांपुढे जातं, भाव चढतो. आषाढात हाती उरतं ते भिजलेलं. नाडेपचं हे भोकांचं टाकं आपल्या विदर्भातलंच, पुसदच्या पांढरीपांडे यांचं. पण त्यात मुख्य भरण शेतातल्या काडीकचऱ्याची, सोबत माती आणि थोडं शेण. नुसतं खरकटं भरलं तर भोकं ठेवूनही आत हवा जात नाही.

म्हणून काम वाढवायचं असेल तर घरं मोजण्याआधी कुटार मोजा. एक टोपलं ओलं तर दोन टोपली कोरडं, आणि वर्षभराचा हा हिशेब दिवाळीनंतरच गोण्यांत भरून टिनाखाली ठेवलेला हवा. नवी गल्ली हिवाळ्यात जोडा, पावसाळ्यात कधीच नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत. त्या तळाला आडव्या घाला, पाणी निथळतं. मूठभर माल दाबून पाहा: बोटांतून पाणी गळलं तर कुटार घाला, मुठीचा गोळाच झाला नाही तर पाणी शिंपडा. वैशाखात हे दुसरंच जास्त करावं लागतं.

लग्नाची पंगत किंवा भंडारा असेल तर आधीच निरोप घ्या. खाण्याजोगं माणसांना, मग गुरांना. टाक्यात फक्त उरलेलं, तेही पातळ थरांनी. चकचकीत अस्तराच्या पत्रावळी दारातच परत करा. एकदा त्या टाक्यात गेल्या की खत चाळताना त्यांचे तुकडे निघता निघत नाहीत, आणि असं खत शेतकरी वावरात टाकत नाही. ते त्याचं बरोबरच आहे.

कुटार विकत घेत बसलात तर गटाचे पैसे पुरणार नाहीत. बदल्यात खत द्या. ज्याने गोण्या दिल्या त्याचं खत विक्रीआधी बाजूला काढून ठेवा. मळणीयंत्र वावरात लागलं की तो स्वतःच निरोप धाडतो.